तिसरा भाव

गुरुवार, सकाळचे नऊ वाजून पंचवीस मिनिटं. बाजारातल्या बहुतेक दुकानांची शटरं अजून अर्धीच वर गेली होती, पण तीनभावे कामाला लागले होते. केबलवाल्या ताईंच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून ते हातभर लांबीची एक काळी वायर उलटसुलट करून पाहत होते. दोन्ही टोकांना हेडफोनला असते तशी पिन. बाकी तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पाहत होते.

"केवढ्याला?"

"सोमवारी सांगितला तोच भाव, काका. रोज बदलायला ती काय भाजी आहे?"

"वाजते?"

ताईंनी वायरचं एक टोक आपल्या फोनमध्ये आणि दुसरं काउंटरवरच्या डबड्यात खुपसलं. बातम्या देणाऱ्याचा आवाज दुकानभर झाला. त्यांनी वायर काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि तीनभाव्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बरं," तीनभावे म्हणाले. "बाजूला ठेवा. मी येतो."

"येतो म्हणजे? वायर इथे, तुम्ही इथे. घ्या आणि सुटा की."

"येतो," ते म्हणाले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यावरच्या पहिल्या रकान्यात आकडा लिहिला. ताईंनी कपाळावर हात मारला.

तीनभावे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं कारकुनी करत आले होते, आणि नाव तिथलंच. कारखान्याचा नियम असा की झाडू घ्यायचा असो की लेथ मशीन, तीन दुकानांची कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही. कोटेशनं बंद पाकिटात यायची. दर गुरुवारी अकरा वाजता ती पाकिटं तीनभाव्यांच्या टेबलावर दोन साक्षीदारांसमोर उघडली जायची. तीन रकान्यांचा तक्ता भरायचा, कमीत कमी भावाखाली रेघ मारायची, सही करायची. ज्याचा तिसरा रकाना कोरा, तो कागद त्यांनी कधी साहेबांकडे जाऊ दिला नाही. कारखान्यात या नियमाला नावं ठेवणारे पुष्कळ होते. पण चौतीस वर्षांत तीनभाव्यांच्या टेबलावरून एक स्क्रूसुद्धा महाग गेला नाही, हे तेही मान्य करत.

नियम हळूहळू घरी आला. छत्री तीन दुकानं फिरून, मुलीचं दप्तर तीन दुकानं फिरून. यावर त्यांची बायको सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हसायची. ती कपडे उसवून-शिवून द्यायची. खिडकीशी शिलाई मशीन. तिच्या खडखडाटावर मात करायची म्हणून आवाज चढा, आणि मशीन थांबलं तरी तो खाली येत नसे. घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. तीनभावे फक्त हो किंवा नाही म्हणत, आणि पुष्कळदा तेही तीच त्यांच्या वतीने म्हणून टाकायची. कारखान्यातल्या कुणीतरी एकदा चेष्टेत विचारलं होतं, "वहिनी, लग्नाच्या वेळी यांनी स्थळं तीनच बघितली का हो?" ती म्हणाली होती, "छे! मी पहिलीच. आयुष्यात तेवढी एकच वस्तू यांनी कोटेशन न मागवता घेतली."

अकरा आठवड्यांपूर्वी एका दुपारी शिवण अर्धी असतानाच मशीन थांबलं. मेंदूत रक्ताची गुठळी. तीन आठवड्यांनी ती इस्पितळातून घरी आली तेव्हा तिचा उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. तोंडातून आवाजही यायचा, पण त्याचा शब्द होत नव्हता. पहिले काही दिवस ती डाव्या हाताने गादीवर थापा मारायची. मग तेही थांबलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पहिले चार-सहा महिने महत्त्वाचे. परत जे यायचं ते बहुतेक त्यातच येतं. स्पीच थेरपी एकदाही चुकवू नका."

थेरपीच्या मॅडम दुसऱ्या गावी राहत. सोमवारी आणि गुरुवारी, अकरा ते अकरा चाळीस, व्हिडिओवर वर्ग. मोबाइलवर दोन-तीन वर्ग झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "असं नाही चालणार, काका. माझे ओठ कसे मिटतात, जीभ कुठे टेकते, ते त्यांना दिसलं पाहिजे. त्यांची उजवीकडची नजरही कमी झालीय. या फोनवर मी त्यांना नखाएवढी दिसत असेन. घरात टीव्ही आहे ना?"

टीव्ही होता. मुलीने सहा वर्षांपूर्वी घेऊन दिलेला. मोठा, पण इंटरनेट न कळणारा. कॉम्प्युटरही होता, कारखान्याने भंगारात काढलेल्यांतला. इंटरनेट, कॅमेरा सगळं त्याला चालायचं. फक्त त्याच्या मूळच्या पडद्याने मान टाकली होती. तेव्हा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, एवढंच काम. अडचण अशी की कॉम्प्युटरच्या पाठीला पंधरा भोकांचं निळं तोंड होतं आणि टीव्हीच्या पाठीला चपटी बारीक फट. दोघं एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर, आणि एकमेकांशी बोलायला तयार नाहीत.

"बाबा, मी नवा लॅपटॉप पाठवते," दूरच्या शहरातून मुलगी म्हणाली.

"जुना चालतोय ना."

"मग निदान ते जे काय आहे ते ऑनलाइन मागवा. दोन दिवसांत दारात येईल."

"फोटो बघून वस्तू घ्यायची तर कारखान्याने मला चौतीस वर्षं पगार कशाला दिला?"

बायको पडल्यापासून रजेवर असलेल्या तीनभाव्यांनी बाजार धरला. तीन दुकानं, तीन भाव, तक्ता, रेघ. त्या दोघांना जोडणारा, सगळ्यांत स्वस्त पडलेला कन्व्हर्टर घरी आणला आणि लावला. टीव्ही काळा तो काळाच. दोन दिवस पिना काढून-घालून झाल्यावर कळलं की वस्तू उलट्या दिशेची आहे. चपट्या फटीतून निळ्या तोंडाकडे जाणारी; त्यांना हवी होती ती निळ्याकडून चपटीकडे येणारी. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. स्वस्तवाला दुकानदार बदलून देईना. पुन्हा तीन दुकानं. यात दहा दिवस आणि तीन वर्ग गेले. ते वर्ग मोबाइलवरच, नखाएवढ्या मॅडमबरोबर झाले.

दुसऱ्या फेरीत वस्तू केबलवाल्या ताईंकडून घेतली. पिशवीत घालताना ताई म्हणाल्या होत्या, "काका, ही आवाजाची वायरपण न्या. तुमच्या त्या निळ्या तोंडातून फक्त चित्र येतं. आवाजाला वेगळा रस्ता लागतो."

खरेदी कारकुनाचा कान असतो. 'हेपण न्या' असं ऐकलं की तो आपोआप बंद होतो. चौतीस वर्षं विक्रेते त्यांना एकावर एक चिकटवू पाहत होते आणि ते चौतीस वर्षं नको म्हणत होते. ते नको म्हणाले.

म्हणून परवाच्या सोमवारी टीव्हीवर चित्र आलं आणि आवाज आला नाही. मॅडम पहिल्यांदाच माणसाएवढ्या दिसत होत्या. दात दिसत होते, जीभ दिसत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं आणि खोलीत चिडीचूप. आवाजासाठी शेजारी फोन लावून पाहिला, तर तो ओठांच्या मागून रखडत यायचा. मॅडमनी खुणेने तो बंद करायला सांगितला आणि वर्गानंतर फोन करून म्हणाल्या, "ओठ आणि आवाज एकाच वेळी पाहिजेत, काका. नाहीतर त्यांचा उलट गोंधळ होईल. गुरुवारी बघू."

तीनभावे टीव्हीच्या मागे वाकून पिना दाबत होते तेव्हा गादीवरून कसलासा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. बायकोने डावा हात आधी स्वतःच्या गळ्याला लावला, मग बोट टीव्हीकडे केलं, आणि मान हलवली. हिलाही माझ्यासारखंच झालंय. मग ती हसली. अर्ध्याच चेहऱ्यावर हसू आलं, पण अकरा आठवड्यांत तेवढंही आलं नव्हतं.

गुरुवारी बाहेर पडताना ते तिला म्हणाले, "अगं, अकराच्या आत येतो. आज मॅडमचा आवाज ऐकवतो तुला." वरच्या मजल्यावरच्या वहिनी तिच्याजवळ बसायला आल्या होत्या. या वहिनींना त्यांची बायको मैत्रीण म्हणायची, आणि दोघी वीस वर्षं जिन्यात उभ्या राहून बोलायच्या.

ताईंच्या दुकानातून निघून तीनभावे दुसऱ्या दुकानात गेले. तिथला जाडा दुकानदार त्यांना आता ओळखत होता.

"आधी ताईंनी काय सांगितला ते बोला," तो म्हणाला. "मग मी माझा सांगतो."

"असं नसतं. तुमचा तुम्ही सांगायचा."

"अहो काका, वायर आहे ती. तिच्यात सोनं नाही भरलेलं."

त्याने सांगितलेला भाव ताईंच्यापेक्षा थोडा जास्त होता. दुसरा रकाना भरला. दहा वाजून पाच मिनिटं.

तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला. ते साडेदहाला उघडतं. घरी जायला बस वीस मिनिटं घेते. तीनभाव्यांनी हिशेब केला की साडेदहाला उघडलं, पाच मिनिटं भाव, मग परत ताईंकडे किंवा नाही, आणि अकराला पाच कमी असताना घरी. ते शटरसमोर उभे राहिले. साडेदहा झाले. दहा पस्तीस झाले. फरक पडला तर किती पडेल हे त्यांना ठाऊक होतं: चहाच्या अर्ध्या कपाइतका. ताई डोळ्यांसमोर होत्या, वायर बाजूला काढून ठेवलेली होती. पण तिसरा रकाना कोरा होता, आणि बुटात खडा जावा तसा तो त्यांना बोचत होता. चपलेतला खडा माणूस वाकून काढतो. बुटातला खडा घेऊन चालत राहतो.

दहा सत्तेचाळीसला तिसऱ्या दुकानाचा मालक स्कूटरवरून उतरला आणि कुलपाशी वाकला. शटर गुडघ्यापर्यंत वर गेलं तोच तीनभाव्यांच्या खिशात फोन वाजला. वरच्या वहिनी. वर्गाची वेळ झाली म्हणून करत असतील, त्यांना वाटलं. शिवाय भाव विचारताना फोन घ्यायचा नाही, हाही त्यांचा नियम होता. फोन कानाला असला की समोरचा तोंडाला येईल तो भाव सांगतो. त्यांनी फोन वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी कापला.

"आवाजाची वायर. दोन्हीकडे पिन. केवढ्याला?"

तिघांत हाच भाव सगळ्यांत जास्त निघाला. तीनभाव्यांनी तो तिसऱ्या रकान्यात लिहिला, पहिल्याखाली रेघ मारली, आणि ताईंकडे परत गेले.

"आलात?" ताई म्हणाल्या. "फिरून फिरून?" त्यांनी वायर पुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, उलट थोडी कीव होती.

बस उशिरा आली. घराचा जिना चढताना अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वरच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा फुललेला, त्यामुळे तीनभाव्यांना चटकन काही उमगेना.

"फोन का नाही घेतलात? दोनदा केला! अहो, बोलली ती! बोलली!"

"कोण?"

"कोण काय? मी बोलेन होय? तुमची बायको! ते घड्याळ वाजलं ना मोबाइलचं, पावणेअकराचं, वर्गाची तयारी करायची आठवण. मी पाणी आणायला आत होते. ते आपलं वाजतंय, वाजतंय. आणि ही दाराकडे मान वळवून म्हणाली, अहो. मी तशीच धावत आले. पुन्हा म्हणाली, अहो! स्पष्ट. अगदी पहिल्यासारखं. मी म्हटलं लावते फोन, ऐकू दे त्यांना, फोन तिच्या तोंडाशीच धरून ठेवला होता मी…"

पावणेअकराचा गजर, वर्ग असो वा नसो, रोज वाजायचा आणि तो तीनभावे बंद करत. तिचा मोबाइल तिच्या उशाशी असायचा, पण उजव्या बाजूला. तिचा चांगला हात तिथे पोचत नसे. गजर वाजला की ते कुठूनही यायचे आणि बंद करायचे. आज आले नाहीत, म्हणून तिने हाक मारली होती.

ते आत गेले. ती टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या वायरीकडे.

"अगं," ते म्हणाले. "आलो मी. म्हण ना. काय म्हणालीस मघाशी?"

तिचे ओठ हलले. घशातून नेहमीचा लांबट आवाज आला. तिने पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला, मग डोळे मिटून घेतले.

वर्गाची पंधरा मिनिटं उरली होती. त्यांनी वायर जोडली. टीव्हीतून मॅडमचा आवाज इतका मोठा आला की वहिनी दचकल्या. चित्र आणि आवाज एकदम बरोबर चालत होते. वस्तूत काही खोट नव्हती. वहिनींनी घडलेलं सांगितलं तेव्हा मॅडम कितीतरी वेळ हसत राहिल्या.

"फार चांगली खूण आहे, काका! सवयीचे शब्द आधी येतात. ते मागितले की येत नाहीत, आपले आपण निसटतात. समोर उभं राहून 'म्हण, म्हण' केलं की दडून बसतात. तेव्हा आता मागे लागू नका हं त्यांच्या. येईल परत."

तीनभाव्यांनी तक्त्याच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं: मागायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा आणखी वाढवून घेतली. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि चौतीस वर्षांच्या रजा साठल्या होत्या. ते बाजारात गेले नाहीत. दूध, औषधं जे लागेल ते कोपऱ्यावरच्या पहिल्याच दुकानातून, भाव न विचारता. आणि रोज पावणेअकराला ते खोलीबाहेर जाऊन दाराआड उभे राहत.

गजर वाजायचा. ते आत जायचे नाहीत. गजर थांबायचा, पाच मिनिटांनी पुन्हा वाजायचा. ते भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभे. मागायचं नाही, एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. दाराआड उभं राहणं म्हणजे मागणं नव्हे, असा त्यांनी अर्थ लावला होता. चौथ्या दिवशी वहिनी जिन्यातून डोकावून ओरडल्या, "अहो, ते घड्याळ बंद करा की! आमच्याकडे सगळ्यांना वाटतं गाडी सुटायला आलीय!" तीनभाव्यांनी दाराआडूनच त्यांना हाताने गप्प राहायला सांगितलं, आणि वहिनींनी, त्यांना तिथे तसं उभं पाहून, पुन्हा कधी तक्रार केली नाही.

आत ती काय करत होती ते त्यांना दिसायचं नाही. ऐकू मात्र यायचं: पलंगाची करकर, कधी तो लांबट आवाज, कधी काहीच नाही.

दहाव्या दिवशी गजर वाजला आणि थोड्याच वेळात थांबला. आपोआप थांबतो तसा नव्हे, मध्येच तुटला. तीनभाव्यांनी डोकावून पाहिलं. ती अंगावरून पलीकडे वळली होती. डावा हात उजव्या बाजूला ताणून तिने मोबाइल ओढून घेतला होता आणि बंद केला होता. दहा दिवस ती त्याचाच प्रयत्न करत होती. तिने दाराकडे पाहिलं, ते दिसले, आणि तिने मोबाइल उंच धरून त्यांना दाखवला. पुन्हा ते अर्ध्या चेहऱ्याचं हसू. नवऱ्याचे कष्ट वाचवले होते तिने.

"वा," तीनभावे म्हणाले. "वा गं."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दुसरा झटका आला. इस्पितळात ती तीन दिवस होती. बुधवारी सकाळी गेली. मधल्या वेळात तिने डोळे उघडले नाहीत.

मुलगी आली, पंधरा दिवस राहिली आणि गेली. ती गेल्यावर एका संध्याकाळी तीनभावे जिना चढून वर गेले. वहिनी एकट्याच होत्या. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"एक विचारायचं होतं."

"बसा तरी."

"नको. ती कशी म्हणाली? त्या दिवशी."

"सांगितलं की. अहो म्हणाली."

"तसं नाही. कसं म्हणाली? म्हणून दाखवा."

वहिनींनी पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. वीस वर्षं जिन्यात ऐकलेला तो आवाज त्यांच्या कानात होता. त्यातला चढ, शेवटचा ओ थोडा ओढलेला, त्यातला राग आणि राग नसणं. पण तो आवाज एका बाईने एका माणसासाठी ठेवलेला असतो. तो दुसरीने त्याच माणसासमोर कसा काढायचा?

"अहो," त्या म्हणाल्या. रस्त्यात कुणाचा रुमाल पडला तर म्हणावं तसं.

तीनभावे थांबले होते.

"नाही जमत मला," वहिनी म्हणाल्या आणि रडू लागल्या. "पहिल्यासारखंच होतं हो. तुम्हाला माहीतच आहे ना कसं म्हणायची."

"हो," तीनभावे म्हणाले. "माहीत आहे."

ते खाली आले. मनात तो आवाज लावून पाहिला. लागला, पण तो पूर्वीचा होता, मशीनच्या खडखडाटावरून येणारा. त्या गुरुवारचा त्यांच्याकडे नव्हताच.

सोमवारी ते कामावर हजर झाले. इतके गुरुवार पाकिटं शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंनी उघडली होती. त्यांनी पाकिटं फोडायची सुरी परत तीनभाव्यांच्या टेबलावर आणून ठेवली. दुपारी साहेबांनी बोलावलं. तीनभाव्यांच्या घरी काय झालं ते साहेबांना ठाऊक होतं; कसं झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तीनभावे, मीटिंगच्या खोलीत नवा टीव्ही लावलाय. तिथला कॉम्प्युटर जुना आहे, जोडता येत नाहीये. केबल, कन्व्हर्टर, काय लागेल ते मागवा. तुम्हाला त्यातलं कळतं का काही?"

"कळतं," तीनभावे म्हणाले.

जागेवर येऊन त्यांनी मागणीचा फॉर्म भरला. निळ्या तोंडाकडून चपट्या फटीकडे जाणारा कन्व्हर्टर, एक. दिशा नीट पाहून द्यावी. आवाजाची वायर, दोन्हीकडे पिन, एक. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली. हिशेबनीस बाई वाकून पाहत होत्या.

"तुम्हाला तर यांचे भाव पाठ असतील. जाता जाता घेऊन या की. एवढ्याशा वायरीला कसली आलीत कोटेशनं?"

त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. त्यावर छापलेले तीन रकाने होते. गेली चौतीस वर्षं होते.

"नियम आहे," ते म्हणाले.

तिन्ही दुकानांना पत्रं गेली. बुधवारी दुपारपर्यंत तिन्ही पाकिटं आली. ताईंच्या पाकिटाला जास्तीची चिकटपट्टी होती. तीनभाव्यांनी पाकिटांवर आवक क्रमांक घातले, ती कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. त्यांच्या खिशात हल्ली दोन मोबाइल असतात, एक त्यांचा आणि एक तिचा. तिच्या मोबाइलमधला गजर त्यांनी काढलेला नाही.

उद्या गुरुवार आहे. पावणेअकराला गजर वाजेल. अकरा वाजता दोन साक्षीदारांसमोर पाकिटं उघडतील.